मैत्री राष्ट्रांची, हिशेब बाजाराचा

सरहद्दीच्या वादात कोणता देश कोणाच्या बाजूने उभा राहतो? पिंपळगावच्या बाजारातून एक नजर

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत ऑगस्टपासून टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की मुंबई-आग्रा महामार्गावर पिकअप आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. वीस किलोच्या क्रेटवर बोली लागते, माल निवडला जातो, आणि रात्रीतून गाड्या दिल्ली, उत्तर प्रदेश, गुजरातकडे निघतात. या गर्दीत आपले पुष्कळ बांधव आहेत. कोणी आडतीत आहे, कोणी गाडीमालक, कोणी ड्रायव्हर. गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, ट्रकची बॉडी बांधणारे कारागीर आहेत, बारदान शिवणारे आहेत. बाजार चालला तर या सगळ्यांची चूल पेटते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत या गाड्यांना आणखी एक वाट होती. पिंपळगावचा टोमॅटो पंजाबातील अटारी-वाघा सरहद्दीवरून पाकिस्तानात जात असे. एप्रिल २०१२ मध्ये अटारीला एकात्मिक तपासणी नाका सुरू झाल्यावर ही वाट अधिक सोयीची झाली. लाहोरच्या बाजारात भाव चढला की त्याची धग पिंपळगावच्या लिलावात जाणवायची. ही वाट आधी अडखळली आणि मग बंद पडली. टोमॅटोत खोट नव्हती, गिऱ्हाईकही आटले नव्हते. वाट अडली ती दोन देशांतील जमिनीच्या वादामुळे.

हा वाद कोणाचे बरोबर नि कोणाचे चूक, याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. व्यापार पानावर आपल्याला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. जमिनीचा असा वाद पेटतो तेव्हा मित्र म्हणवणारे देश कोणत्या मापाने बाजू घेतात? आपल्या चहाच्या टपरीवर याचे उत्तर सहसा धर्माच्या किंवा भावनेच्या भाषेत दिले जाते. अमुक देश तमुक देशाचा भाऊ, म्हणून तो पाठीशी उभा राहणार, असे म्हटले जाते. गेल्या काही वर्षांच्या घटना मात्र वेगळे सांगतात.

टोमॅटो अडला, भाव कोणी मोजला?

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी भारताने पाकिस्तानला १९९६ मध्ये दिलेला ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हा व्यापारी दर्जा काढून घेतला आणि लगोलग पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द करण्याचा निर्णय झाला. दोन दिवसांनी, ७ ऑगस्टला, पाकिस्तानने भारताबरोबरचा व्यापार स्थगित करण्याची घोषणा केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पाकिस्तानात टोमॅटो किलोला ३०० रुपयांच्या आसपास गेला. तेथील सरकारला इराणमधून टोमॅटो आणण्याची परवानगी द्यावी लागली. म्हणजे तिकडचा ग्राहक महागाईने पोळला आणि इकडच्या व्यापाऱ्याच्या हातून एक बाजार गेला. दोन्हीकडची सामान्य माणसे नुकसानीत, आणि दोन्हीकडे त्याचा हिशेब मांडायला कोणाला सवड नव्हती.

पुढे ३१ मार्च २०२१ रोजी पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीने भारतातून साखर आणि कापूस आणण्यास मान्यता दिली. तेथील कापड गिरण्यांना कापूस हवा होता, बाजाराला साखर हवी होती. दुसऱ्याच दिवशी तेथील मंत्रिमंडळाने तो निर्णय फिरवला. कारण एकच : काश्मीर. या एका दिवसाच्या हेलकाव्यावरून ध्यानात येते की वादातले मूळ पक्ष पोटाला चिमटा घेऊनही आपला दावा सोडत नाहीत. दावा त्यांचा स्वतःचा असतो. परंतु मित्रांचे तसे नसते. मित्र आधी स्वतःची वही उघडून पाहतो.

आखाताने काय पाहिले?

ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानची अपेक्षा होती की आखाती अरब देश भारताविरुद्ध खडा आवाज उठवतील. इस्लामी सहकार्य संघटनेत काश्मीरसाठी १९९४ पासून एक संपर्क गट आहे. त्याच्या बैठका होतात, निवेदने निघतात. पण प्रत्यक्षात काय झाले? संयुक्त अरब अमिरातीच्या दिल्लीतील राजदूतांनी हा भारताचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगितले. २४ ऑगस्टला अबू धाबीत भारताच्या पंतप्रधानांना ‘ऑर्डर ऑफ झायेद’ हा तेथील सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. २०१८-१९ या वर्षात भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापार सुमारे ६० अब्ज डॉलरचा होता, सौदी अरबस्तानबरोबरचा सुमारे ३४ अब्ज डॉलरचा. त्याच वर्षी भारताची पाकिस्तानला होणारी निर्यात जेमतेम दोन अब्ज डॉलरची होती. भारत हा आखाती तेलाचा मोठा ग्राहक. तेथील बांधकाम, दुकाने, इस्पितळे, गॅरेज चालवणारे लाखो हात भारतातले; त्यात कोकण, मालेगाव, नाशिकचेही आहेत. अशा गिऱ्हाइकाशी कोणता दुकानदार भांडण काढील?

सौदीचे वागणेही याच मापाचे होते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी सौदी युवराज इस्लामाबादला पोहोचले. तेथे २० अब्ज डॉलरचे करार झाले. तेथून मायदेशी परतून मग ते दिल्लीला आले आणि भारतात १०० अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणुकीची संधी दिसत असल्याचे म्हणाले. पाठोपाठ दोन्ही घरी पाहुणचार घेतला आणि दोन्ही घरी धंद्याची बोलणी केली.

१२ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे काश्मीरच्या निर्णयानंतर आठवड्याभरातच, रिलायन्सच्या वार्षिक सभेत जाहीर झाले की सौदीची अराम्को कंपनी रिलायन्सच्या तेल-रसायन व्यवसायातील २० टक्के हिस्सा सुमारे १५ अब्ज डॉलरला घेऊ इच्छिते. त्याच्याही आधी, २०१८ मध्ये, अराम्को आणि अबू धाबीची अ‍ॅडनॉक या दोन कंपन्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील नाणारच्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पात भागीदार होण्यास पुढे आल्या होत्या. खर्चाचा अंदाज तीन लाख कोटी रुपयांचा होता.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. स्थानिकांच्या विरोधामुळे नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, आणि अराम्को-रिलायन्स व्यवहारही नोव्हेंबर २०२१ मध्ये गुंडाळला गेला. म्हणजे जी गुंतवणूक डोळ्यासमोर होती तिच्यातली मोठी रक्कम आलीच नाही. तरीही तिचा परिणाम झाला. व्यापाराची नुसती आशासुद्धा मित्राचे तोंड बंद ठेवायला पुरते. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत-अमिराती यांच्यात सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि तो १ मे २०२२ पासून लागू झाला. ही आशा वाया गेली नाही, एवढे म्हणता येईल.

पामतेलाचा धडा

ज्यांनी आवाज उठवला त्यांचे काय झाले, तेही पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मुहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरबाबत भारतावर कडक टीका केली. मलेशियाचे पामतेल विकत घेणाऱ्यांत भारत अव्वल होता. त्या वर्षी सुमारे ४४ लाख टन मलेशियन पामतेल भारतात आले. ऑक्टोबरात मुंबईत मुख्यालय असलेल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन या तेल व्यापाऱ्यांच्या संघटनेने सभासदांना मलेशियाचा माल टाळण्याचा सल्ला दिला. ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली. आदेशात मलेशियाचे नाव नव्हते. पण शुद्ध पामतेल प्रामुख्याने तेथूनच येत होते. खरेदी झपाट्याने आटली आणि इंडोनेशियाचा धंदा वाढला.

इंडोनेशिया हाही मुसलमान बहुसंख्य देश. त्याने मलेशियाच्या पाठोपाठ आवाज उठवला नाही. शेजाऱ्याचे गिऱ्हाईक आपल्या दुकानात आले ते घेतले. व्यापारात यालाच चोख धंदा म्हणतात.

महाथीर यांनी मग सांगितले की भारतावर उलट कारवाई करण्याइतके आपण मोठे नाही. मलेशियाच्या एका साखर कंपनीने २०२० च्या पहिल्या तिमाहीत भारताकडून १ लाख ३० हजार टन कच्ची साखर घेण्याचे ठरवले. नाराजी कमी करण्याचा तो प्रयत्न आहे, असेच सर्वांनी मानले. फेब्रुवारी २०२० मध्ये महाथीर पायउतार झाले, मलेशियाने भारताकडून एक लाख टन तांदूळ घेण्याचा करार केला, आणि मे महिन्यापासून भारतीय व्यापारी पुन्हा मलेशियन पामतेल घेऊ लागले. काश्मीरचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. तेलाचा प्रश्न मात्र सुटला.

आपले फरसाणवाले, समोसे-भजी तळणारे हॉटेलवाले पामोलिनवरच अवलंबून असतात. न्यूयॉर्कच्या एका भाषणाचा धागा त्यांच्या कढईपर्यंत कसा पोहोचतो, हे या प्रकरणात दिसून आले.

देणेकरी मित्राची बाजू

डिसेंबर २०१९ मध्ये मलेशियाने क्वालालंपूर येथे मुस्लिम देशांची एक परिषद बोलावली. पाकिस्तानचे पंतप्रधान इम्रान खान या कल्पनेच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. पण सौदीला ही परिषद पसंत नव्हती. परिषदेच्या काही दिवस आधी खानसाहेब रियाधला जाऊन आले आणि त्यांनी क्वालालंपूरला जाण्याचे रद्द केले. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांनी उघड सांगितले की ठेवी काढून घेण्याची आणि पाकिस्तानी कामगारांना परत पाठवण्याची धमकी सौदीने दिली होती. सौदीने याचा इन्कार केला.

धमकी खरी की खोटी, ते बाजूला ठेवू. देणे मात्र खरे होते. २०१८ मध्ये सौदीने पाकिस्तानला तीन अब्ज डॉलर ठेव म्हणून दिले होते आणि उधारीवर तेलाची सोय केली होती. ऑगस्ट २०२० मध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी काश्मीर प्रश्नावर सौदीच्या थंडपणाबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली. त्याच सुमारास पाकिस्तानला एक अब्ज डॉलर मुदतीआधी परत करावे लागले, आणि त्यासाठी चीनने हातभार लावला. उधारीवर दुकान चालवणाऱ्याला सावकाराच्या दारात उंच आवाजात बोलता येत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि चीन? ऑगस्ट २०१९ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर बंद दाराआड चर्चा घडवून आणली ती चीनने. त्यामागेही वही आहे. एप्रिल २०१५ मध्ये चीनने पाकिस्तानात ४६ अब्ज डॉलरची महामार्ग-वीज-बंदर योजना जाहीर केली. तिचा रस्ता गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो, आणि त्या भागावर भारताचा दावा आहे. ज्याचा पैसा त्या जमिनीवर लागला आहे त्याला त्या जमिनीचा वाद आपलाच वाटणार. शिवाय लडाखच्या सरहद्दीवर चीनचा स्वतःचाही दावा आहे.

जुना दाखला आपल्या दारातला

हे सारे आजचे आहे असे कोणी समजू नये. आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. स्वतंत्र भारत गोवा मागत होता. पोर्तुगाल सोडत नव्हता. लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेने भारताची बाजू घ्यावी अशी अपेक्षा होती. पण पोर्तुगाल हा नाटो गटाचा सभासद, आणि अटलांटिक महासागरातील त्याच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा विमानतळ. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या पत्रकात पोर्तुगालच्या पूर्वेकडील ‘प्रांतां’चा उल्लेख केला आणि भारतात संताप उसळला. १९६१ मध्ये त्या तळाच्या कराराची मुदत पुढच्या वर्षअखेर संपणार होती. अमेरिकेला पोर्तुगालला दुखवणे परवडणारे नव्हते.

दुसरीकडे सोव्हिएत रशियाला भारतासारखा मोठा देश आपल्या बाजूला हवा होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत नेत्यांनी भारतात येऊन गोवा आणि काश्मीर या दोन्ही प्रश्नांवर भारताला पाठिंबा दिला. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडलेला युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. दुसऱ्या दिवशी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. अमेरिकेचे हित तळात होते, रशियाचे कारखान्यात आणि मैत्रीत. गोव्याच्या जनतेचे हक्क दोघांनीही आपापल्या सोयीने वाचले.

पाठिंबा दिला, कांदा मिळाला नाही

आता पुन्हा आपल्या खळ्यावर येऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये बांगला देशानेही काश्मीर हा भारताचा अंतर्गत प्रश्न असल्याचे निवेदन काढले. महिन्याभरानंतर, २९ सप्टेंबर २०१९ रोजी, भारताने कांदा निर्यातीवर बंदी घातली. त्याचा पहिला फटका बसला बांगला देशालाच. पंतप्रधान शेख हसीना लगेचच दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी हसत हसत गाऱ्हाणे घातले की आपण स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितले आहे, निदान आधी कळवायला हवे होते. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा अचानक बंदी आली आणि कांद्याच्या गाड्या बांगला सरहद्दीवर अडकून पडल्या. माल सडला तो व्यापाऱ्याचा.

म्हणजे हे माप दोन्ही बाजूंनी चालते. मित्राने पाठिंबा दिला म्हणून आपले सरकार घरच्या महागाईपुढे त्याचा विचार करतेच असे नाही. ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी आठवा. त्या काळात एप्रिल २०२४ मध्ये सरकारने सहा देशांसाठी ९९ हजार १५० टन कांद्याची परवानगी जाहीर केली : बांगला देश, अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका. यादी पाहिली की कोणाशी संबंध जपायचे होते ते कळते. पण ही निर्यात नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या संस्थेमार्फत होती. लासलगाव-पिंपळगावचा खासगी निर्यातदार, ज्याने वर्षानुवर्षे दुबई आणि ढाक्याची गिऱ्हाइके बांधली होती, तो बाजूला उभा राहिला. मैत्री सरकारांची टिकली, गिऱ्हाईक व्यापाऱ्याचे गेले.

खारकेची गोष्ट

रमजानपूर्वी खारीक-खजुराचा माल भरणाऱ्या आपल्या दुकानदारांना २०१९ चा २०० टक्के शुल्काचा आदेश आजही आठवत असेल. भारतात येणाऱ्या खारकेचा मोठा भाग पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून येत असे. शुल्कानंतर तो माल दुबईच्या वाटेने फिरून येऊ लागला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे हल्ला झाला, २६ माणसे मारली गेली. त्यानंतर अटारीचा नाका बंद झाला आणि २ मे २०२५ रोजी पाकिस्तानी मालाची आयात, थेट असो वा तिसऱ्या देशातून असो, संपूर्ण बंद करण्यात आली. जूनमध्ये न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर विभागाने ३९ कंटेनर पकडले. दुबईमार्गे आलेला हा सुमारे १,११५ टन माल पाकिस्तानी मूळचा असल्याचे विभागाने सांगितले; त्यात खारीकही होती.

त्याच मे महिन्यात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यामुळे पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणे थांबवले. येथे आपल्या बांधवांनी सावध राहावे. स्वस्त मिळते म्हणून मूळ देश लपवलेला माल घेणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा वातावरणात आपल्या नावाच्या दुकानदाराकडे तो सापडला तर त्याचा अर्थ नुसत्या जकातचोरीपुरता लावला जात नाही. एकाच्या लोभाची झळ सगळ्या बाजाराला लागते. पावती, मूळ देशाचा दाखला आणि आयातदाराचे नाव हातात असल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये.

आपण काय करावे?

सरहद्दी कोठे असाव्यात हे पिंपळगावच्या आडतीत ठरत नाही. पण सरहद्द बंद झाली तर आपले किती जाईल, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट, एका सरहद्दीवर सगळा हंगाम लावू नका. पाकिस्तानची वाट बंद झाली तेव्हा ज्यांचे दिल्ली, कोलकाता, गुजरातचे व्यवहार चालू होते ते तगले. बांगला देशावर द्राक्ष-कांद्याची मदार ठेवणाऱ्यांनी हे आत्ताच ध्यानात घ्यावे.

दुसरी, सरहद्दीपलीकडे उधारी देताना जुनी ओळख पुरेशी मानू नका. आगाऊ रक्कम किंवा बँकेचे पतपत्र घ्या. निर्यात पत हमी महामंडळाच्या विम्यात युद्ध, आयातबंदी अशा राजकीय जोखमींसाठीही संरक्षण मिळते. अटी नीट वाचून घ्याव्यात; माल निघाल्यावर वाचून उपयोग नाही.

तिसरी, माल वाटेत असताना बंदी आली तर भाडे, खोटी आणि नुकसान कोणाकडे, हे गाडीमालक, हुंडेकरी आणि खरेदीदार यांनी आधीच कागदावर लिहून ठेवावे. आजवर अशा वेळी भांडण होऊन शेवटी ड्रायव्हरच्या आणि हमालाच्या मजुरीला कात्री लागत आली आहे. अल्लाहने कुरआनात उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद दिली आहे. ती केवळ दुकानातल्या वहीसाठी नाही.

चौथी, परदेशातील भाषणे आणि करार यांच्या बातम्या व्यापाऱ्याच्या नजरेने वाचा. कोणी कोणाला भाऊ म्हटले यापेक्षा कोण कोणाचे तेल घेतो, कोणाच्या ठेवी कोणाकडे आहेत, कोणाचा रस्ता कोणत्या जमिनीवरून जातो, हे पाहा. पुढची बंदी कोठून येणार याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

राष्ट्रांच्या या हिशेबात पिंपळगावच्या क्रेटला नाव नसते. म्हणून तिचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल.